मागच्या बाकावरचा प्रश्न

"सर्दी!" असं ओरडून आईनं चिंध्यांचा चेंडू माझ्याकडं फेकला.

मी पुस्तकातून डोकं वर काढेपर्यंत तो माझ्या खांद्याला लागून तांदळाच्या डब्यामागं गेला होता.

"सुटली," ती म्हणाली. "वाचलीस सर्दीतून."

"आई, काय चाललंय हे?"

"पाठ. उद्या शिक्षण परिषद आहे आणि आदर्श पाठ माझ्यावर आलाय. कॅच. आधी हातानं खरंखुरं पकडायचं, मग हात न लावता. चेंडू, मग बस, मग सर्दी." ती वाकून डब्यामागं हात घालत होती. "आपल्याकडं सर्दी माणसाला धरते. त्यांच्याकडं माणूस जाऊन सर्दीला धरतो. गंमत आहे की नाही?"

"मुलं विचारतील, सर्दी कशाला पकडायची म्हणून."

"विचारू देत की. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं असा आदेश निघाला, तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. तिच्या वयाच्या बऱ्याच जणांनी तो विषय नव्यानं लागलेल्या पोरांवर ढकलून दिला. आईनं जाडजूड शब्दकोश आणला आणि क्रियापदांपासून सुरुवात केली. क्रियापदं आली की निम्मी भाषा आली, असं तिचं मत. 'गेट'च्या ढीगभर अर्थांनी तिला इतकं दमवलं की तिनं त्याचा नाद सोडला. 'कॅच' मात्र तिला मनापासून आवडलं, कारण ते खेळता यायचं. माझं एम.ए. कोल्हापुरात चाललं होतं, सुट्टीला घरी आले होते, आणि ती दिवसभर स्वयंपाकघरात येता-जाता माझ्यावर क्रियापद फेकत होती.

"डोळा," ती म्हणाली. चेंडू आला. या वेळी मी झेलला.

"डोळा कसा पकडतात?"

"एखाद्याचं लक्ष वेधून घेतलं की त्याचा डोळा पकडला. पण हे उद्या नको. मगदूम सर आहेत. त्यांचा बंडू याचं काय करील सांगता येत नाही."

शिक्षण परिषदेची रीत मला माहीत होती. महिन्यातून एकदा आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक शेळवण्याच्या केंद्रशाळेत जमायचे. त्यातला एक पाठ घ्यायचा आणि बाकीचे मुलांच्या बाकांवर मुलं होऊन बसायचे. टक्कल पडलेले सर 'बाई, शूला जाऊ?' म्हणून करंगळी वर करायचे. मगदूम सर नेहमी शेवटच्या बाकावर बसायचे आणि तिथं त्यांचं नाव बंडू असायचं. आज बंडू काय करणार, याची सगळे वाट बघायचे. आणि समोर फळ्याशी उभ्या असलेल्या माणसाला काहीही झालं तरी चिडता यायचं नाही. चिडला की पाठ फसला.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

"येऊन चालत नाही. तासाला ती मुलं असतात. मुलांवर काय रागवायचं?"

मग तिनं उद्याची साडी काढली, घडीवर हात फिरवला, आणि आज मुगाची खिचडी चालेल ना म्हणून विचारलं.

घरात आम्ही दोघीच. मी तिसरीत असताना वडील गेले. गेले म्हणजे कसे, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं: शिंत्रेबाईंना नवऱ्यानं टाकलंय. कुणी विचारलंच तर 'गेले' एवढंच सांगायचं आणि पुढं बोलायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. मी कधी बोलले नाही. मैत्रिणींशी नाही, पुढं नवऱ्याशीही नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं पाठ घेतला, जेवणाचा डबा खाल्ला, आणि परतीच्या एस.टी.साठी फाट्यावर उभी असताना ती खाली बसली. मगदूम सरांनीच तिला पाहिलं. त्यांनीच धावत जाऊन कुणाचीतरी जीप थांबवली, तिचं डोकं मांडीवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत नेलं. मी पोचले तेव्हा ते व्हरांड्यात उभे होते. शर्टाच्या पाठीवर घाम, डोळे लाल. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "बाळ, आम्ही न्हाई वाचवू शकलो गं."

त्यांनीच सगळं केलं. लाकडं, भटजी, पाहुण्यांना निरोप. खांदाही दिला. मी त्यांच्या पाया पडले.

डॉक्टर म्हणाले होते, ब्लॉकेज जुनं होतं, आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं. ते ऐकलं तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

दहावा व्हायच्या आधी नाईकबाई पिठलं-भात घेऊन आल्या. आईच्या शाळेतल्या, तिच्या जवळच्या. मला बळंच दोन घास खायला लावले आणि शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुला सांगू का, शेवटच्या दिवशीपण बाई हसतच होत्या."

"हो?"

"अगं, काय रंगला होता पाठ! सगळी चेंडू झेलायलीत. सावंत सर तर बाकावरनं आडवे झाले. मग बाई म्हणाल्या, आता सांगा, हात न लावता काय काय कॅच करता येतं? कोण म्हणालं बस, कोण म्हणालं चोर. आणि बंडूनं हात वर केला."

"मगदूम सरांनी."

"तर! उभा राहिला, चड्डी वर ओढल्यासारखं केलं आणि म्हणाला, बाई बाई, नवरा कॅच करता येतो का?"

सांगता सांगता नाईकबाई हसायला लागल्या होत्या. मग माझ्याकडं बघून त्यांनी तोंडावर पदर धरला.

"तसं न्हवतं गं ते. सगळीच हसली. बाईपण हसल्या."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बंडू, खाली बस. प्रश्न चांगला आहे, पण आपल्या पुस्तकात नाही. आणि लगेच फळ्याकडं वळल्या. सगळं लिहून दिलं, गृहपाठ दिला. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

मी उरलेला भात संपवला. ताट धुतलं. नाईकबाईंना दारापर्यंत सोडलं.

त्या दिवसापासून डॉक्टरांचं म्हणणं मला पटेनासं झालं.

पुस्तकांमधली सूड घेणारी माणसं फार बोलतात. त्यांना रात्री झोप लागत नाही, ती शपथा घेतात. माझं तसं काही झालं नाही. मी नीट झोपले, एम.ए. झाले, गडहिंग्लजच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, लग्न केलं. मगदूम सर दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचे. "काही लागलं तर हाक मार बाळ. बाई न्हाईत म्हणून परकं समजू नको." मी त्यांना चहा द्यायची, साखर दोन चमचे, त्यांना लागायची तशी. ते गेले की त्यांची कपबशी वेगळी धुवायची.

एकदा मी विचारून बघितलं. "सर, आईच्या त्या पाठाला तुम्ही होता ना?"

"होतो की! असा पाठ परत झाला न्हाई केंद्रात. मीच बंडू." त्यांचे डोळे भरून आले. "चेंडू कुठनं कुठं जात होता. बाईंनी मला एकदा बाकावर उभं केलं बघ."

"आणि काय विचारलं होतं तुम्ही?"

"कुणास ठाऊक. कायतरी पांचट विचारलं असणार. बंडूच तो." आणि ते मनमोकळं हसले.

त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी खोटं सांगितलं असतं तर एक वेळ मी सोडून दिलं असतं.

तेव्हा मला नेमकं काय हवंय ते कळलं. मला मगदूम सर त्याच खोलीत, त्याच फळ्यापुढं, त्याच लोकांसमोर उभे हवे होते. जिथं उभ्या माणसाला चिडता येत नाही तिथं. आणि मला बाकावर बसायचं होतं.

काही वर्षं गेली. मग त्यांच्या मुलीची बातमी आली. जयमालेचं लग्न त्यांनी थाटात करून दिलं होतं, जावई पुण्यात कंपनीत. तो कुणा दुसरीबरोबर राहायला लागला आणि जयमाला माहेरी परत आली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हळहळत हे सांगितलं. मीही हळहळले. घरी येऊन खुर्चीत बसले आणि ती बातमी गरम चहासारखी घोट घोट प्यायले. प्रश्न आपोआप तयार झाला. सर, जावई कॅच करता येतो का? भाजी चिरताना, पेपर तपासताना मी तो मनात म्हणून बघायची. कुठल्या शब्दावर थांबायचं तेही ठरवलं.

आणि मगदूम सर स्वतःच आमंत्रण घेऊन आले.

"रिटायर व्हायलोय बाळ. शेवटच्या परिषदेला आदर्श पाठ मी मागून घेतलाय. कुठला घेणार सांग?"

"कुठला?"

"बाईंचाच. कॅच. म्हटलं, जाताना त्यांचं नाव घेऊन जावं. तू प्रमुख पाहुणी. नको म्हणायचं न्हाई."

"येते सर," मी म्हणाले.

शेळवण्याच्या शाळेच्या फाटकाशी एक सडपातळ मुलगी माझी वाट बघत उभी होती. "मी जयमाला," ती म्हणाली. "मी पण इथंच लागलेय, खालच्या वाडीच्या शाळेत. ताई, मी तुमच्या आईंच्या वर्गात होते. मला घड्याळ कळायचं नाही. बाईंनी मला हात आडवे-उभे करून काटा व्हायला लावलं होतं." तिनं तिथंच फाटकात एक हात वर आणि एक आडवा करून दाखवला. "तीन वाजले!"

मी हसले. ती अशी असेल असं मी धरलं नव्हतं.

खोलीत पाहुणीसाठी खुर्ची ठेवली होती. मी म्हटलं, "नको, मी बाकावर बसते." सगळ्यांना फार बरं वाटलं. केवढी साधी, अगदी आईसारखी, असं कुणीतरी म्हणालं. मी सरळ मागच्या बाकाकडं गेले. जयमाला माझ्याशेजारी सरकली. पुढं नाईकबाई, सावंत सर, सगळे जुने चेहरे होते, थोडे पिकलेले.

मगदूम सरांनी सुरुवातीलाच हात जोडले. "हा पाठ माझा न्हवं. शिंत्रेबाईंचा आहे. मी नुसता हमाल." आणि खिशातून टेनिसचा नवाकोरा चेंडू काढला.

पाठ चांगला झाला, हे मी कबूल केलं पाहिजे. चेंडू खोलीभर फिरला. सावंत सरांनी या खेपेला दोन्ही हातांनी घट्ट झेलला आणि टाळ्या घेतल्या. सर्दी आली, बस आली. जयमालेनं चेंडू झेलून बाकावर उभं राहून आरोळी ठोकली. तिचे वडील तिच्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते की मला मान फिरवावी लागली.

"आता सांगा मुलांनो," ते म्हणाले, "हात न लावता काय काय कॅच करता येतं?"

"बस!"

"चोर!"

"वडापाव!"

"वडापावाला हात लागतो की रे गाढवा."

हशा झाला. मी हात वर केला.

"अरे व्वा, मागच्या बाकावरची नवीन मुलगी!" ते खुलले. "नाव काय बाळ?"

"उज्ज्वला, सर."

"हं, विचार उज्ज्वला."

मी उभी राहिले. जयमाला खालून कुजबुजली, "ताई, अवघड विचारा. आण्णांची फजिती करा."

जावई हा शब्द ओठांवर होता. कुठं थांबायचं तेही ठरलेलं होतं. पण तो प्रश्न मी रचलेला होता, आणि मला त्यांना काही नवीन ऐकवायचं नव्हतं. त्यांचंच वाक्य ऐकवायचं होतं, एक अक्षर न बदलता.

"सर सर," मी म्हणाले, "नवरा कॅच करता येतो का?"

पहिल्या बाकावरचे दोघे-तिघे सवयीनं हसले आणि मध्येच थांबले. मगदूम सरांनी आधी माझ्याकडं नाही, जयमालेकडं पाहिलं. तिची मान खाली गेली होती. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी तो सगळा उतरेपर्यंत बघितला.

"बाळ," ते म्हणाले, "असं विचारतात का?"

"तासाला मुलांवर रागवायचं नसतं सर."

"माझी पोर बसलीय गं तिथं."

"माझी आई उभी होती. तुम्ही उभे आहात ना, बरोबर तिथंच."

नाईकबाई मागं वळून म्हणाल्या, "उज्ज्वला, बस खाली. झालं ते झालं. मला मेलीला कुठनं बुद्धी झाली तुला सांगायची."

म्हणजे त्यांना तरी आठवत होतं. आता मगदूम सरांनाही आठवलं. ते मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. कुठल्याशा लांबच्या आवाजाची ओळख पटावी तसं.

"ती चेष्टा होती," ते म्हणाले. "बाई हसल्या होत्या. विचार या सगळ्यांना. हसल्या होत्या की नाही?"

"हसली. तिला पाठ पुरा करायचा होता."

त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला. तो गडगडत कडेला गेला, खाली पडला, कुणी उचलला नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघून हात जोडले. भरल्या वर्गात, केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांसमोर, आपल्या शेवटच्या पाठाला. हे दृश्य मी मनात पुष्कळदा पाहिलं होतं. तिथं ते मला पुरायचं.

"चुकलं माझं बाळ," ते म्हणाले. "लई मोठं पाप झालं. नवऱ्यानं टाकलेली बाई ती. आधीच नशिबानं मारलेली. तिच्या जखमेवर मी बोट ठेवलं. आज माझ्या घरात तेच आलं, तेव्हा कळतंय मला. टाकलेल्या बाईचं काय दुःख असतं ते..."

"आण्णा," जयमाला म्हणाली. अगदी हळू.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते रडत होते आणि बोलत होते, आणि खोलीतली सगळी माणसं माना हलवत होती. बिचाऱ्या शिंत्रेबाई. नाईकबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आई जिवंत असताना या लोकांनी तिची कीव पाठीमागं केली होती. आता तोंडावर करत होते, हात जोडून, आणि मी ती घ्यावी म्हणून माझ्याकडं बघत होते. जयमाला बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. टाकलेली हा शब्द वडिलांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा.

आईनं मला बजावलं होतं ते आठवलं नाही असं नाही.

"टाकलेली नव्हती," मी म्हणाले.

"काय बाळ?"

"माझ्या आईला नवऱ्यानं टाकलं नव्हतं सर. तो मला मारायचा. आई शाळेत असताना. एक दिवस ती लवकर घरी आली आणि तिनं बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. त्याची ट्रंक भरली आणि त्याला म्हणाली, तू मला सोडून गेलास असं मी गावाला सांगेन, तेवढा मान तुला राहू दे. पण या घरात परत यायचं नाही. आणि जन्मभर तिनं तेच सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी तिची कीव केलीत, ती तिनं ऐकून घेतली, कारण त्या किमतीत तो परत येणार नव्हता. नवरा कॅच करता येतो का, हे तुम्ही तिला विचारलंत सर. तिनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, कडी लावली, हात धुतले, आणि मला जेवायला वाढलं."